स्वयंपाकघरातली दांडी

आधीच सांगून टाकतो — असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. लिंबातून रक्त काढून दाखवणारे मास्तर म्हणून मी पंचक्रोशीत प्रसिद्ध होतो. कुणाच्या अंगात आलं की लोक देवरुषाकडे जायचे आणि पोरं माझ्याकडे यायची, 'सर, हे कसं करतात?' म्हणून विचारायला.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. झोप लागत नाही, दुसरं काही करवत नाही, म्हणून वाचतो. निम्म्या अनुभवांत मला लगेच सापडतं की लिहिणाऱ्याचं कुठं चुकलं. माझ्या स्वतःच्या अनुभवात मात्र ती चूक मला अजून सापडलेली नाही. म्हणून आज तुमच्यासमोर ठेवतोय. तुम्हाला सापडली तर खरंच कळवा... शोधून शोधून मी दमलोय.

मी आष्टी तालुक्यातल्या कड्याचा. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं मागचं दार परसात उघडतं आणि परसात पत्र्याची शेड आहे. घराची रचना नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या शेडमध्ये माझं लेथ मशीन आहे. लोखंडाचा किंवा पितळेचा गज फिरत ठेवायचा आणि त्याला धारदार टूल लावून हवा तो आकार काढायचा, एवढंच त्याचं काम. तेलगावला एका जुन्या वर्कशॉपचा बाजार उठला तेव्हा तिथून ते टेम्पोत घालून आणलं. वयानं माझ्यापेक्षा मोठं. गज पकडून ठेवणाऱ्या चकजवळ त्याचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाया, झिजलाय, त्यामुळं लांब नग करायला घेतला की एका टोकाला केसभर जाड येतोच. पण त्याची खोड एकदा कळली की त्याच्याकडून काम काढता येतं. रिटायर झाल्यावर लोक पारावर बसतात, मी शेडमध्ये बसायचो. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. पितळी भवरे केले, खलबत्ते केले. एकदा वाफेवर चालणारं बोटभर इंजिन केलं आणि बायकोच्या कुकरला नळी जोडून चालवून दाखवलं. चाक गरगर फिरायला लागलं, मी खुशीत तिच्याकडं पाहिलं. तिनं एवढंच विचारलं की डाळ शिजली का.

बायकोचं नाव सुमन. शेडची वायर स्वयंपाकघरातून गेलेली आहे, कारण मीटर तिथंच आहे. शेडसाठी भिंतीवर वेगळा मेन स्विच आहे — जुन्या पद्धतीचा लोखंडी डबा, बाजूला दांडी. दांडी वर असली की चालू, खाली ओढली की बंद. मशीन चालू असताना मला बाहेरची हाक ऐकू यायची नाही. सुमन दारात उभी राहून ओरडायची आणि मी आपला कीस उडवत बसलेला. एक दिवस तिनं सरळ दांडी खाली ओढली. शेडमधला बल्ब गेला, मशीन घरघरत थांबलं, मी तणतणत घरात आलो तर ताट वाढलेलं.

"मशीनीपुढं वरडून माझा घसा बसतोय," ती म्हणाली. "त्यापरीस हे बरं हाय."

तेव्हापासून तीच रीत पडली. बल्ब गेला की समजायचं, जेवायला बोलावलंय. मीही नकळत तिथूनच 'आलो, आलो' म्हणायचो. अडचण एकच होती. नातू लहान असताना त्याचा हात पोचू नये म्हणून सुमननंच तो डबा मुद्दाम उंचावर लावून घेतला होता. ती बुटकी, त्यात गुडघे धरलेले. दांडी ओढायला तिला पाट घालून त्यावर चढावं लागायचं. नातू मोठा होऊन कॉलेजात गेला तरी डबा वरच राहिला. रोज पाटावर चढताना तिची कुरकूर ठरलेली असायची — "गुडघे माझे हायेत, तुमच्या मशीनीचे न्हाईत. आपल्या मनानं या की कवातरी."

तिचा आणखी एक कायदा होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक खिळा आहे. गळ्यातलं उपरणं, मफलर, जे काही असेल ते त्या खिळ्याला अडकवल्याशिवाय ती मला परसात पाऊल टाकू द्यायची नाही. फिरत्या मशीनपुढं अंगावर सैल काही नसावं, हा नियम खरं तर मीच तिला सांगितलेला. पाळायची मात्र ती.

दसरा झाला आणि सुमन गेली. खंडेनवमीला तिनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि हार वाळायच्या आत तिचं सगळं आटोपलं. साधा ताप होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दिवस झाले. सासरवाडीहून दुखवटा आला. आमच्याकडं बायकोच्या माहेरचं माणूस तेव्हा टॉवेल-टोपी, उपरणं घेऊन येतं. माझा मेहुणा रामभाऊ आला होता. त्यानं माझ्या गळ्यात पांढरं उपरणं घातलं आणि बहिणीच्या आठवणीनं माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला. ते उपरणं मग मी गळ्यातून काढलंच नाही. थंडी पडली होती हे एक, आणि काढायला सांगणारं कुणी नव्हतं हे दुसरं.

नंतरचे महिने कसे गेले ते सांगता येणार नाही. दु:ख वगैरे मोठं काही वाटत होतं असंही नाही... नुसता शीण. सकाळी उठायचा शीण, अंघोळीचा शीण, कुणी 'कसे आहात सर' विचारलं की उत्तर द्यायचा शीण. भूक मेली होती. जेवणाचा डबा लावला होता, तो बऱ्याचदा तसाच शेजारच्या कोंडाबाईला जायचा. मुलगी वैशाली पुण्याला असते. रोज फोन करून म्हणायची, अण्णा, ते मशीन विकून टाका आणि इकडं या. शेवटी मी हो म्हटलं. नगरचा एक मशीनवाला येऊन बघूनही गेला. संक्रांतीला वैशाली येणार, मशीन उचललं जाणार आणि मी तिच्या मागे बॅग घेऊन निघणार, असं ठरलं.

तिनं एकच गोष्ट मागितली होती — आईचा सोऱ्या. चकल्या-शेव करायचा जुना पितळी सोऱ्या. त्याच्या मधल्या स्क्रूचे आटे झिजून गेले होते, दाब दिला की घसरायचा. दिवाळीला घरात दु:ख असल्यामुळं आमच्याकडं फराळ झालाच नव्हता, त्यामुळं तो तसाच फळीवर पडून होता. म्हटलं, मशीन जायच्या आधी हे एवढं शेवटचं काम करून टाकावं. नवा स्क्रू करावा.

पौषातली गोष्ट. बाहेर ऊन होतं पण शेडमध्ये गारठा. गल्ली सामसूम, कारण कारखान्यांचा सीझन चालू, निम्म्या घरांना कुलपं. माणसं कोयते घेऊन टोळ्यांबरोबर ऊसतोडीला गेलेली. शेजारच्या कोंडाबाईचा मुलगा आणि सूनही तोडीला गेले होते. म्हातारी एकटीच मागे राहिलेली. रोज सकाळी उन्हाला म्हणून ती आमच्या ओट्यावर येऊन बसायची, त्या दिवशीही बसली होती.

मी पुढच्या दाराला आतून कडी घातली. मागच्या दारानं परसात आलो आणि त्या दारालाही बाहेरून कडी लावली, कारण एक मांजर दुधाला सोकावलं होतं. शेडमध्ये जाऊन मशीन चालू केलं.

आटे पाडायचं काम म्हणजे सावकाश काम. मशीनच्या पुढच्या अंगाला कमरेच्या उंचीवर एक लांब स्क्रू असतो. आटे पाडताना तो फिरतो आणि टूलला पुढं पुढं नेतो. या कामाला मशीन बॅक गिअरमध्ये टाकतात. वेग एकदम कमी, पण ताकद दांडगी. बघणाऱ्याला वाटतं, एवढं हळू फिरतंय, हातानं थांबेल. थांबत नसतं.

वाकून आटे बघत होतो. चष्मा जुना, नजर पुरत नव्हती, म्हणून जास्तच वाकलो. उपरण्याचं एक टोक कधी खाली लोंबलं आणि त्या लांब स्क्रूला कधी गुंडाळलं, कळलंच नाही. मानेला हिसका बसला तेव्हा कळलं.

अपघात फटकन होतात असं आपण समजतो. हा हळू होता. उपरणं एकेक फेरा गुंडाळत होतं आणि माझी मान तसतशी खाली जात होती. दोन्ही हातांची बोटं गळा आणि कापड यांच्यामध्ये खुपसली आणि ताकद लावून मागे ओढू लागलो. बंद करायचं बटण म्हणाल तर स्टार्टर माझ्या पाठीमागच्या भिंतीवर. वायर तिथपर्यंतच पुरली होती म्हणून तिथं बसवलेला. हात सोडला असता तरी पोचला नसता. ओरडायला गेलो तर घशातून नुसती घरघर.

आणि मग... हे लिहू की नको असं बराच वेळ झालं. लिहितो. गुडघे जमिनीला टेकले, गाल बेडच्या थंड लोखंडाला लागला, आणि मला एकदम बरं वाटलं. मनात आलं, जाऊ दे. पुण्याला जायला नको, बॅग भरायला नको, उद्या उठायला नको. इतका शीण आला होता की भीतीसुद्धा वाटेना. मी ओढायचं थांबवलं. बोटं नुसती कापडात अडकून राहिली.

तेवढ्यात बल्ब गेला.

मशीन घरघरत, नेहमीसारखं दम टाकत थांबलं. आणि त्या अर्धवट शुद्धीत माझ्या तोंडून काय निघालं असेल? 'आलो, आलो.' आवाज फुटला नाही, पण ओठ हलले हे मला पक्कं आठवतं. इतक्या वर्षांची सवय. बल्ब गेला म्हणजे ताट वाढलंय.

बोट मोकळं झालं तसं टूल ठेवतात त्या पट्टीवर चाचपडलं. तिथं एक घासलेलं टूल पडलेलं होतं, त्याच्या धारेनं उपरणं घासून घासून कापलं. मग तिथंच खाली बसून राहिलो. लाईट गेली म्हणून वाचलो, असंच मी तेव्हा समजत होतो. आमच्याकडं लाईट जाणं हे काही चमत्कारात मोडत नाही. वीज कंपनीचे आभार मानायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली, असंही मनात येऊन गेलं.

पाणी प्यायला म्हणून उठलो. मागच्या दाराची कडी मी लावली तशीच बाहेरून होती. ती काढून आत गेलो. फ्रिज चालू होता.

म्हणजे लाईट गेलेलीच नव्हती. वर पाहिलं, तर शेडच्या मेन स्विचची दांडी खाली होती. आणि भिंतीशी, बरोबर दांडीच्या खाली, पाट घातलेला होता.

तो पाट सुमन गेल्यापासून कोपऱ्यात उभा करून ठेवलेला असायचा. मला त्याचं काही काम नाही, माझा हात तसाच पोचतो. मीच कधी तो आडवा घातला असेन का? मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा विचारलंय. नसेन, असं छातीठोक सांगू शकत नाही. त्या दिवसांत मी काय करत होतो याचं मला भान कुठं होतं?

पुढच्या खोलीत गेलो. दाराला आतून कडी तशीच. ती काढली, तर कोंडाबाई ओट्यावर पाय पसरून बसलेली. घशातून शब्द नीट निघत नव्हता, तरी विचारलं की आत कुणी आलं होतं का.

"कुणी न्हाई आलं बा," ती म्हणाली. "मी हितंच तर बसलेय सकाळधरनं. कावून?"

ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. कातडं सोलवटून लालभडक झालं होतं. मग नजर खाली घालून हळूच म्हणाली, "दांडीचा आवाज आला मगाशी. खट्ट करून. म्हणलं, मास्तरला जेवायला बलिवलं जणू. तवर ध्यानात आलं... सुमनबाई कुठं हाय आता."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. तेराव्यालाही रडलो नव्हतो. कोंडाबाई उठून आपल्या घरात गेली आणि भाकरी, लसणाचा ठेचा घेऊन आली. मी सगळी भाकरी खाल्ली.

आता विज्ञान. माझी खोड, ती जाणार नाही. दांडी सैल असेल आणि मशीनच्या कंपनानं पडली असेल, हा पहिला संशय. मशीन चालू ठेवून मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून दांडीकडं बघत बसलो — एकदा नाही, कितीतरी वेळा. हलली नाही. मग पाट्यावरचा दगडी वरवंटा फडक्यात बांधून दांडीला लटकवला. तरी खाली आली नाही. फ्यूजची तार शाबूत होती, आणि फ्यूज गेला तरी दांडी काही खाली येत नसते. मांजर म्हणावं, तर दोन्ही दारं बंद, आणि जो खटका वरवंट्याला दाद देत नाही तो मांजराला कसा देईल? शेवटी वायरमनला बोलावलं. पिंट्या माझाच विद्यार्थी. त्यानं डबा उघडून बघितला, दांडी वर-खाली करून बघितली.

"सर, हिची स्प्रिंग लई कडक हाय," तो म्हणाला. "आपोआप पडणारी न्हाई ही. कुणीतरी वढलीच पायजे."

कोंडाबाईनं ऐकलेला आवाज तिला भास झाला असेल, वय झालंय, असंही म्हणून पाहिलं. पण दांडी खाली होती, ती मी स्वतः बघितली, ती मी स्वतः वर केली. तिथं माझं डोकं थांबतं. त्याच्या पुढं मला जाता आलेलं नाही.

वैशाली संक्रांतीला आली. तोवर सोऱ्याचा स्क्रू पूर्ण झाला होता — उरलेलं उपरणं खिळ्याला अडकवून केला. तिनं तिथंच चकल्या पाडून पाहिल्या. पहिल्या घाण्याच्या मोडल्या, मग जमल्या. गळ्यावरचा वण तिला दिसला, मी मफलरनं घासलं म्हणून सांगितलं. तिला हे वाचायला मिळालं तर रागावेल. मशीन विकणार नाही आणि पुण्यालाही आठ-पंधरा दिवसांपुरताच येईन, हेही तेव्हाच सांगितलं. ती वाद घालायच्या तयारीत होती. पण मी तिच्यासमोर ताटातलं सगळं संपवलेलं तिनं पाहिलं आणि वाद तिथंच सोडून दिला.

शीण अजून आहे. गेलाय असं खोटं कशाला सांगू? पण दुपारी स्वयंपाकाची वेळ झाली की मी आपल्या मनानं मशीन बंद करतो, हात धुतो आणि येऊन जेवतो. बल्ब जायची वाट बघत नाही. एवढं केलं म्हणजे कुणाला उठावं लागत नाही.

पिंट्याला परत बोलावून स्टार्टर मशीनच्या अंगाला, हाताशी बसवून घेतला. स्वयंपाकघरातला मेन स्विच आता काढून टाकू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. तो डबा खाली घे म्हटलं, आणि भिंतीवर हात ठेवून उंची दाखवली — माझ्या छातीपर्यंत येईल, एवढी.

"एवढा खाली कावून, सर?" तो म्हणाला. "तुमचा हात तर पार वर पोचतोय."

मी म्हटलं, गुडघे दुखतात रे.

त्यानं एकदा माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या पाटाकडं पाहिलं, आणि भिंतीला ड्रिल लावलं.